निवृत्तिकालीन गृहव्यवस्था, मुंबईतील

नोकरी किंवा मजुरी संपल्यानंतर मर्यादित उत्पन्नात परवडेल अशा निवाऱ्याची तरतूद म्हणजे निवृत्तिकालीन गृहव्यवस्था होय. औद्योगिक शहरात हा प्रश्न विशेष तीव्र होतो; कारण तेथे घर बहुधा वेतनातून दिल्या जाणाऱ्या भाड्यावर अवलंबून असते आणि निवृत्तीनंतर वेतन थांबले, तरी घराची गरज थांबत नाही. मुंबईत या प्रश्नाचे उत्तर सुमारे शंभर वर्षांत दोनदा बदलले : प्रथम मूळ गाव, नंतर भाडेनियंत्रणाखालील खोली आणि अखेरीस मालकीची सदनिका.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापडगिरण्यांत आलेले बहुसंख्य कामगार रत्नागिरी, सातारा आदी जिल्ह्यांतील होते. एकाच गावच्या पुरुषांनी मिळून घेतलेल्या खोलीत राहावे, खाणावळीत जेवावे, कुटुंब व शेतीचा तुकडा गावी ठेवावा आणि अंगातील बळ सरले की परत जावे, असा त्यांचा जीवनक्रम असे. त्यामुळे कामगाराच्या वार्धक्याचा भार गिरणीने नव्हे, तर कोकण व देशावरील खेड्यांनी वाहिला. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या मुंबई सुधार विश्वस्त मंडळाने (१८९८) आणि मुंबई विकास खात्याने (१९२०) चाळी बांधल्या. पण त्यांत कामकऱ्याचाच विचार होता. विकास खात्याने ५०,००० खोल्यांची योजना आखली. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे २०७ चाळी उभ्या राहिल्या. त्यांतील खोली सु. १६० चौ. फुटांची होती. पुढे कुटुंबे शहरातच स्थायिक झाली, गावच्या जमिनीचे वाटे पडत गेले आणि परतीची वाट हळूहळू बंद झाली.

मुंबई भाडेनियंत्रण अधिनियमाने (१९४७) भाडी सामान्यतः सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठविली. भाडेकरूस सहजासहजी काढता येईना व त्याच्या मृत्यूनंतर सोबत राहणाऱ्या कुटुंबीयांकडे भाडेहक्क जाऊ लागला. या कायद्याचा हेतू वृद्धांची सोय हा नव्हता. तथापि मिळकत थांबलेल्या हजारो कुटुंबांना त्यानेच छप्पर राखून दिले. त्याची किंमतही मोठी होती. अल्प भाड्यामुळे मालकांनी दुरुस्तीकडे पाठ फिरविली, नवी भाड्याची घरे बांधणे आतबट्ट्याचे ठरले आणि पागडीची प्रथा बळावली. जुन्या इमारती कोसळू लागल्याने १९६९ मध्ये शासनाला दुरुस्ती व पुनर्रचनेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापावे लागले.

रेल्वे, पोलीस, बंदर आदी सेवांतील कर्मचाऱ्यांना मात्र हे संरक्षण नव्हते. त्यांचे निवासस्थान नोकरीशी बांधलेले असल्यामुळे निवृत्तीनंतर ठरावीक मुदतीत ते रिकामे करावे लागे. मालकीच्या घरासाठी आगाऊ बचत करण्याची निकड प्रथम या वर्गाला व मध्यमवर्गीय पगारदारांना जाणवली. सहकारी गृहनिर्माणाचा पाया श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या प्रयत्नांतून १९१५ मध्ये गावदेवी येथे स्थापन झालेल्या सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्थेने घातला होता. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी योजनेने (१९५२) घरासाठी निधीतून रक्कम काढण्याची मुभा दिली आणि १९५६ पासून केंद्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना घरबांधणी अग्रिम मिळू लागला. आयसीआयसीआयमधून निवृत्त झाल्यावर हसमुख ठाकोरदास पारेख यांनी १९७७ मध्ये स्थापन केलेल्या एचडीएफसी या संस्थेने पगारदारांना दीर्घ मुदतीचे गृहकर्ज सुलभ केले. तथापि या व्यवस्थेत एक अंतर्विरोध होता. उतारवयाच्या चरितार्थासाठी साठविलेला निधीच घरात गुंतत असे. ज्याने तो घरासाठी वापरला, त्याला छप्पर मिळाले, पण हाती रोकड उरली नाही. ज्याने तो राखला, त्याला वाढत्या किमतींमुळे पुढे शहरात घर घेणे अवघड झाले.

या व्यवस्थेत सर्वाधिक हानी गिरणी कामगारांची झाली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सु. अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर अनेकांची नोकरी अकाली संपली. म्हणजे बचतीची अखेरची वर्षेच त्यांच्या हातून गेली. उपदान अधिनियमानुसार (१९७२) मिळणारे, सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचे वेतन घरासाठी अगदीच अपुरे होते. गिरण्यांच्या जमिनींच्या विकासासंबंधीच्या १९९१ च्या नियमांत २००१ मध्ये बदल होऊन कामगारांच्या घरांसाठी वाटा ठेवण्यात आला. तथापि २०१२ मध्ये ६,९२५ घरांची सोडत निघाली, तेव्हा अर्जदारांची संख्या लाखावर होती. अनेकांच्या बाबतीत घराचा हक्क वारसांपर्यंत गेला.

२००७ मध्ये राष्ट्रीय आवास बँकेने ‘रिव्हर्स मॉर्गेज’ ही योजना पुढे आणली. तीनुसार ६० वर्षांवरील घरमालकास घर गहाण ठेवून, त्यातच राहून, नियमित रक्कम मिळू शकते. हयातीत कर्ज फेडावे लागत नाही. परंतु घर वारसांसाठी राखण्याच्या प्रवृत्तीमुळे तिचा प्रसार अल्प राहिला. त्याच वर्षीच्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह अधिनियमात निराधार वृद्धांसाठी जिल्ह्यागणिक वृद्धाश्रमाची तरतूद आहे; तसेच सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता अट मोडल्यास परत मिळविता येते. पहिली योजना घरमालकासाठी, तर वृद्धाश्रम निराधारासाठी आहे. या दोहोंच्या मधल्या, अल्प निवृत्तिवेतनावर भाड्याने राहणाऱ्या वृद्धाची सोय त्यांपैकी कोणतीच करीत नाही. मुंबईत त्याला दीर्घकाळ आधार दिला तो जुन्या चाळीतील खोलीने. म्हणूनच चाळींच्या पुनर्विकासात इमारतीच्या मजबुतीइतकेच त्याच्या वास्तव्याच्या शाश्वतीलाही महत्त्व आहे.