वकट, लेंड, मूंड, नाल



मुलांना विटी-दांडू करून द्यायचा तर आधी लाकडाचे बघावे लागते. ओली फांदी तोडायची नाही, वनस्पतिकाय आहे. इकडे कारेगावात बांधावर वाळून पडलेली बाभूळ मिळते, जड आणि चिवट. हातभर सरळ तुकडा दांडूला, चार बोटांचा विटीला. विटीची दोन्ही टोके निमुळती करायची, पण अणकुचीदार नकोत. समोर उभ्या असलेल्याच्या डोळ्यांची काळजी आधी. गल खणताना पृथ्वीकायाचा विचार येतोच. दोन विटांवर विटी आडवी ठेवूनही छान कोलता येते.

खेळ जुना आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या देहूच्या तुकाराम महाराजांच्या गाथेत, म्हणजे 17व्या शतकात, चेंडूफळी, हुतुतू, टिपरी यांच्यासोबत विटूदांडूही आला आहे. मारवाडातून आलेली आपली घरे त्याला गुल्ली-डंडा म्हणतात. प्रेमचंदांची याच नावाची कथा आहे.

पण मला खरे नवल मोजणीचे वाटते. वकट, लेंड, मूंड, नाल... लहानपणी आपण हे नुसते बडबडायचो. तेलुगूत एक म्हणजे ओकटि, दोन रेंडु, तीन मूडु, चार नालुगु. पुढचा ‘आर’ तर तिकडे सहा, आपल्याकडे कुठे कुठे पाचवाच येतो! खेळता खेळता पोरांनी एक आकडा गाळला असावा, असे मला वाटते. शेवटचा झकू मात्र आकड्यासारखा वाटत नाही.

मराठी आणि दक्षिणेच्या भाषा शेजारी-शेजारी नांदल्या, याचा पुरावा आपण यात्रेत पाहिलेला असतो. श्रवणबेळगोळला, 981च्या सुमारास चामुंडरायाने उभारलेल्या बाहुबलीच्या पायांशी कन्नड, तमिळ आणि मराठी, तिन्ही भाषांत लेख कोरलेले आहेत. तिथे दगडावर राहिले, इथे पोरांच्या तोंडात.

दगड टिकतो. तोंडातले मात्र खेळ थांबला की संपते, आणि आता मुले बॅट घेऊन धावा मोजतात. एमआयडीसीमुळे कारेगावात परराज्यांतली कुटुंबे आहेत. एखाद्या तेलुगू घरातल्या मुलाला डावात घ्या, त्याला ही मोजणी लगेच ओळखीची वाटेल.

आणि नालच्या पुढचे आकडे गावागणिक बदलतात. तुमच्या माहेरी काय म्हणत? घरातल्या आजीला, आजोबांना आजच विचारून वहीत लिहून ठेवा.