शिक्का, पोच आणि परवलीचा शब्द : मालवण किनाऱ्यावरील धनरक्षणाच्या साधनांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

संगणकावरील 'पासवर्ड' या संज्ञेसाठी मराठीत 'परवलीचा शब्द' हा प्रयोग रूढ झाला तो पहाऱ्याच्या व्यवहारातून. रात्री चौकीवर येणाऱ्याने ठरलेला शब्द उच्चारावा आणि मगच पहारेकऱ्याने त्यास आत सोडावे, असा हा व्यवहार होता. बँकेतील ठेव, यूपीआयवरील रक्कम किंवा रिझर्व्ह बँकेचा ई-रुपया चोरापासून कसा राखावा, हा प्रश्न आज सर्वस्वी नवा मानला जातो. त्याची चर्चाही बहुधा संगणकशास्त्राच्या परिभाषेत होते. वस्तुतः 'समोर आलेली व्यक्ती तीच आहे काय, आणि तिने आणलेला हुकूम खरा आहे काय' हा प्रश्न कागदाच्या युगातही तितकाच निकडीचा होता. प्रस्तुत निबंधात मालवण किनाऱ्याच्या, म्हणजे १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या आणि त्याच्या परिसराच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे. जुन्या व्यवस्थांनी केवळ एका खुणेवर विश्वास ठेवला नव्हता. खूण पडताळण्याची दुसरी वाट त्यांनी पहिलीपासून स्वतंत्र राखली होती. या दोन वाटा जेथे एक झाल्या तेथे घात झाला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

किल्ला आणि त्याची वाट

मालवणच्या किनाऱ्यावरील मोरयाच्या धोंड्यापाशी पूजन होऊन २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधकामास आरंभ केला. या किल्ल्याचे संरक्षण दोन गुपितांवर अवलंबून होते. भोवतालच्या पाण्यात बुडालेल्या खडकांतून होडी नेण्याची वाट किनाऱ्यावरील तांडेलांनाच ठाऊक होती. महाद्वारही बुरुजांच्या वळणात असे दडवलेले आहे की जवळ गेल्याखेरीज ते दिसत नाही. तथापि वाटेचे गुपित कायम टिकत नाही. १७६५ मध्ये मेजर गॉर्डन आणि कॅप्टन वॉटसन यांच्या इंग्रजी तुकडीने किल्ला घेतला आणि त्यास 'फोर्ट ऑगस्टस' असे नाव दिले. पुढील वर्षी तो कोल्हापूरकरांस परत मिळाला, पण १८१२ च्या तहाने मालवण कायमचे इंग्रजांकडे गेले. १८८३ मध्ये ऑगस्त केर्कहॉफ्स याने सांकेतिक लिपीविषयी एक तत्त्व मांडले. पद्धती शत्रूस पूर्ण कळली तरी चालावे, केवळ किल्ली गुप्त राहावी, असा त्याचा आशय होता. खडकांची वाट ही पद्धती होती. एकदा कळल्यावर ती बदलता येणारी नव्हती.

किल्ल्याच्या आतील व्यवस्था मात्र अधिक दूरदर्शी होती. सभासदाच्या बखरीत वर्णिल्याप्रमाणे हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे समान दर्जाचे अधिकारी प्रत्येक गडावर असत आणि ते निरनिराळ्या जातींचे नेमले जात. कोणा एकाने फितूर होऊन गड शत्रूच्या हाती देऊ नये, हा त्यामागील हेतू स्पष्ट आहे.

शिक्कामोर्तब आणि तोतया

कागदपत्रांच्या बाबतीतही हीच दृष्टी आढळते. मराठेशाहीतील हुकमावर आरंभी शिक्का आणि अखेरीस मोर्तब उमटवीत. मोर्तबानंतर जोडलेला मजकूर बनावट ठरे. लांब कागद जोडून लिहिला असल्यास सांध्यावरही मुद्रा उमटवीत, जेणेकरून मधला तुकडा बदलता येऊ नये. याखेरीज दप्तरात नोंद झाल्याचे 'रुजू', 'बार' असे शेरे असत. शिक्का चोरीस गेला तरी दप्तरातील नोंद चोराच्या हाती येत नसे. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आज आपण सहज वापरतो, परंतु त्यात दोन भिन्न खुणा आहेत याचे भान क्वचितच असते.

ही व्यवस्था कोठे उणी पडली, याचे उदाहरण कोकणच्याच इतिहासात आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पुढे उत्तरेत एका कनोजा ब्राह्मणाने आपणच भाऊसाहेब असल्याचा दावा केला. चौकशीत तो तोतया ठरला आणि त्यास कैदेत ठेवण्यात आले. १७७६ च्या आरंभी तो रत्नागिरीच्या किल्ल्यात असता तेथील सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यानेच त्यास मोकळे केले. पुण्याचे कारभारी तेव्हा इंग्रजांशी पुरंदरच्या तहाच्या वाटाघाटींत गुंतले होते. पाहता पाहता कोकणातील गडामागून गड तोतयाच्या हाती गेले आणि तो बोरघाटापर्यंत पोहोचला. महादजी शिंदे यांच्या फौजेने त्याचा मोड केला, आंग्र्यांनी त्यास धरले आणि डिसेंबर १७७६ मध्ये पुण्यात त्यास देहदंड झाला.

न. चिं. केळकरांच्या 'तोतयाचे बंड' या नाटकामुळे ही कथा मराठी वाचकांस परिचित आहे. येथे तिच्यातील एकाच बाबीकडे लक्ष वेधावयाचे आहे. तोतयाने एकही तट फोडला नाही. ज्याच्या हाती किल्ली होती त्या अधिकाऱ्यानेच त्यास 'भाऊसाहेब' म्हणून मान्यता दिली आणि पुढील गडकऱ्यांनी त्या मान्यतेवर विश्वास ठेवला. प्रत्येक द्वारी नव्याने पडताळा झाला असता तर बंड रत्नागिरीतच संपले असते. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनी पती जिवंत असल्याच्या आशेने अखेरपर्यंत सौभाग्यचिन्हे सोडली नाहीत. फसवणूक करणारा नेहमीच अशा एखाद्या आशेचा आधार घेतो. आजच्या लॉटरीच्या आणि नोकरीच्या बनावट संदेशांचे बळ यापेक्षा निराळे नाही.

हुंडी, मनीऑर्डर आणि पोच

पैसा दूर पाठवण्याच्या साधनांत हुंडी सर्वांत जुनी आणि, माझ्या मते, सर्वांत कल्पक होय. हुंडीत रक्कम आकड्यांत व अक्षरांत लिहून शिवाय 'निमे अमुक, त्याची दुप्पट' असाही उल्लेख करीत. एक आकडा खोडून दुसरा लिहिणाऱ्यास सर्वच ठिकाणी बदल करावा लागे. शहाजोग हुंडीची रक्कम बाजारात पत असलेल्या इसमासच मिळे. हुंडी गहाळ झाल्यास 'पेठ' लिहून देत, पेठही गहाळ झाल्यास 'परपेठ'. किल्ली हरवली तरी धन बुडू नये, याची ही तजवीज होती.

सामान्य कोकणी कुटुंबाचा हुंडीशी फारसा संबंध आला नाही. त्याचा संबंध आला मनीऑर्डरशी. टपाल खात्याने १८८० मध्ये ही सेवा सुरू केली, त्या काळात मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी या भागांतून मुंबईच्या गिरण्यांत माणसे जात होती. रत्नागिरी जिल्हा हा गिरणी कामगारांचा फार मोठा पुरवठादार होता. भातशेती चार-सहा महिन्यांचे धान्य देई. उरलेले वर्ष चाकरमान्याच्या पैशावर निघे. म्हणूनच कोकणच्या अर्थव्यवस्थेस 'मनीऑर्डर अर्थव्यवस्था' म्हटले गेले.

या साध्या फॉर्मची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. पाठवणारा मुंबईच्या टपाल कचेरीत रोख भरून पावती घेई. फॉर्म गावच्या कचेरीत येई. पोस्टमन घरी जाऊन रक्कम मोजून देई आणि सही घेई. घेणारा निरक्षर असल्यास अंगठ्याचा ठसा आणि शेजारी साक्षीदाराची सही. त्यानंतर फॉर्मचाच एक भाग, ज्यास 'पोच' म्हणत, सही-अंगठ्यासह परत मुंबईस पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर जाई. गिरणगावातील खोलीत आईचा अंगठा पोहोचला की पैसे पोहोचले असे समजावे. पोच आली नाही तर तक्रार करावी आणि कचेरीने दप्तर पाहून चौकशी करावी. पैसा एका वाटेने जाई, त्याचा पुरावा दुसऱ्या वाटेने येई आणि मध्ये निदान तीन माणसे एकमेकांस ओळखत असत. फॉर्मवर दोन ओळी लिहिण्यास जागा असे. तीतील घरगुती मजकूरही एक खूणच होती, कारण तो परक्यास लिहिता येणारा नव्हता.

ही व्यवस्था निर्दोष होती, असे म्हणता येणार नाही. पोस्टमन व साक्षीदार एक झाले तर अंगठा खोटा ठरणे अशक्य नव्हते. सुनेच्या नावची रक्कम कर्त्या पुरुषाच्या हाती पडली तर पोच मात्र बिनचूक जाई. विलंब तर होताच. परंतु त्या विलंबातच चूक ध्यानात येण्यास आणि तक्रार करण्यास अवसर मिळत असे, हे आजच्या काही सेकंदांच्या व्यवहाराशी तुलना करता विशेष जाणवते.

खोटा होकार

संगणकातील पासवर्डचा इतिहास १९६१ पासून, मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील सामायिक संगणकापासून, सांगितला जातो. पुढच्याच वर्षी तेथील एका संशोधकाने जास्त वेळ मिळावा म्हणून पासवर्डांची संपूर्ण यादी छापून घेतली. यादी उघड अक्षरांत होती, एवढाच दोष. १९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी मूळ शब्द न साठवता त्याचे उलट न फिरवता येणारे रूपांतर साठवण्याची पद्धती विशद केली. तेव्हापासून चोरांचा रोख पेटीवरून पेटी उघडणाऱ्या माणसाकडे वळला.

परंतु माणूस सावध असतानाही घात होऊ शकतो, हे महाराष्ट्रात २०१८ मध्ये दिसले. एटीएममध्ये कार्ड घातल्यावर यंत्र 'हे कार्ड खरे काय, शिल्लक आहे काय' असा प्रश्न बँकेच्या मध्यवर्ती संगणकास विचारते. मधल्या 'स्विच' नावाच्या यंत्रणेतून प्रश्न जातो व उत्तर येते. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेत, जिची स्थापना १९०६ ची, चोरांनी स्वतःचा खोटा स्विच बसवला. प्रश्न बँकेपर्यंत गेलाच नाही. खोटा स्विच स्वतःच होकार देत राहिला. ११ ऑगस्ट २०१८ रोजी काही तासांत २८ देशांतील एटीएममधून बनावट कार्डांनी सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतात सुमारे अडीच कोटी निघाले, आणि त्यात घाटापलीकडील कोल्हापूरची यंत्रेही होती. १३ ऑगस्टला स्विफ्ट संदेशाद्वारे आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण नुकसान सुमारे ९४ कोटींचे. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांस दोषी ठरवले. हे बहुतांशी पैसे काढणारे हात होते. सूत्रधार समोर आले नाहीत.

येथे कोणाही खातेदाराने आपला पासवर्ड कोणास सांगितला नव्हता आणि त्यांच्या खात्यांतील शिल्लकही हलली नव्हती. रत्नागिरीच्या सुभेदाराने तोतयास दिलेली मान्यता आणि खोट्या स्विचने दिलेला होकार यांत तत्त्वतः भेद नाही. ज्याने पडताळावयाचे तोच चोराच्या बाजूचा झाला आणि पुढच्या प्रत्येक दाराने त्याचा शब्द प्रमाण मानला.

मोबाईलमधील पेटी

एप्रिल २०१६ मध्ये यूपीआयचा आरंभ झाला आणि मालवण-तारकर्लीच्या होडीवाल्यापासून मासळी विकणाऱ्या बाईपर्यंत अनेकांच्या हाती चौकोनी खुणेची पाटी आली. ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारास दुसरी खूण सक्तीची केली होती; एकदाच वापरावयाचा ओटीपी हे तिचे सर्वपरिचित रूप. शिक्का व मोर्तब यांच्या जोडीची येथे आठवण होते. मात्र शिक्का आणि मोर्तब, पैसा आणि पोच, आता एकाच मोबाईलमध्ये आहेत. बँकेचे ॲप त्यातच, ओटीपीचा संदेश त्यातच आणि रक्कम गेल्याची सूचनाही त्यातच. पडदा दुरून दाखवणारे एखादे ॲप अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून उतरवून घेतले की दोन्ही वाटा त्यास खुल्या होतात. सिमकार्डाची दुसरी प्रत काढणाऱ्यासही हेच साधते.

१ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईसह चार शहरांत किरकोळ ई-रुपयाचा प्रायोगिक आरंभ झाला. २००९ मध्ये निघालेल्या बिटकॉइनपेक्षा तो मूलतः निराळा आहे. बिटकॉइनची गुप्त किल्ली हरवली तर धन कायमचे गेले; हुंडीच्या भाषेत बोलावयाचे तर त्यास ना पेठ, ना परपेठ. ई-रुपयामागे रिझर्व्ह बँक आहे, म्हणून दाद मागण्यास निदान दार आहे.

दाद कोणास मिळावी, हा प्रश्न ६ जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाने हाताळला. यंत्रणेतील दोषामुळे रक्कम गेली आणि ग्राहकाने ३ कामकाजी दिवसांत कळवले तर त्याच्यावर भार नाही. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचे ओझेही बँकेवर. पण त्याने स्वतः गुप्त अंक सांगितले असतील तर कळवीपर्यंतचे सर्व नुकसान त्याचे. निरक्षर आईच्या अंगठ्याशेजारी साक्षीदाराची सही मागणाऱ्या व्यवस्थेतून आपण येथवर आलो आहोत, हे ध्यानात घेता 'निष्काळजीपणा' हा शब्द मला येथे कठोर वाटतो. तारकर्लीत घरी पर्यटक ठेवणाऱ्या एखाद्या गृहिणीस 'आगाऊ रक्कम पाठवतो, स्वीकारण्यासाठी पिन दाबा' असा फोन आला, तर पडद्यावर दिसणारी मागणी देण्याची आहे की घेण्याची, हे तिला त्या क्षणी एकटीने ओळखावे लागत असे. यूपीआयचा पिन पैसे देतानाच लागतो, घेताना नाही, हे वाक्य बँकांनी वर्षानुवर्षे पत्रकांत छापले. अखेरीस राष्ट्रीय देयक महामंडळाने दोन व्यक्तींमध्ये अशी मागणी पाठवण्याची सोयच १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली.