असल उत्तर : रणांगणाआधीचे गाव

नोकरीच्या निमित्ताने पंजाबात आलेल्या आम्हां मराठी माणसांस ‘असल उत्तर’ हे नाव ऐकताच वाटते, की १९६५ च्या युद्धानंतर कोणी ते अभिमानाने ठेवले असावे. आम्हीही बरीच वर्षे तसेच समजत होतो. वस्तुतः गाव जुने आहे. पंजाबी उच्चार ‘आसल उताड़’. आणि ‘उताड़’ म्हणजे नदीकाठच्या सखल ‘हिठाड़’हून उंचावरची जमीन. नाव शेतकऱ्याचे आहे. त्यात शत्रूला दिलेले उत्तर वाचले गेले ते मागाहून.

१९४७ पर्यंत खेमकरणचा हा मुलूख लाहोर जिल्ह्याच्या कसूर तहसिलीत मोडत असे. फाळणीत कसूर पलीकडे गेले, खेमकरण अलीकडे राहिले. अमृतसरहून कसूरला जाणारी आगगाडी खेमकरणपाशीच थांबू लागली. हाताशी असलेली बाजारपेठ परदेशात गेली आणि मधल्या मुलखातली गावे एका रात्रीत सरहद्दीची झाली.

सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरण पडले. तेव्हा मेजर जनरल गुरबक्षसिंग यांच्या चौथ्या माउंटन डिव्हिजनने मागे सरून असल उत्तरभोवती नालेच्या आकाराची फळी उभारली. कालव्याचे पाणी शेतांत सोडले, उभ्या उसात रणगाडे दडवले. ८ ते १० सप्टेंबर या तीन दिवसांत पाकिस्तानचे नवे पॅटन त्या चिखलात रुतले व टिपले गेले. भारतीय गणनेनुसार ९७ रणगाडे शत्रूने गमावले. डेक्कन हॉर्सचे जुने शर्मन घेऊन लढणारे लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य यांना महावीरचक्र मिळाले. पुढे ते सरसेनापती झाले. संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण. आपल्या मंडळींत या दोन नावांपाशी कथा बहुधा संपते.

आम्हांस ती तेथे संपवणे रुचत नाही. लढाईत पाणी हे शस्त्र ठरले, हे सर्व इतिहासकार लिहितात. ते कोणाच्या उभ्या पिकात शिरले, हे क्वचितच कोणी लिहितो. खेमकरण तर ताश्कंद करारानंतर, १९६६ मध्येच परत मिळाले. तोवर तेथील कुळांनी पेरणी कोठे करावी?

हवालदार अब्दुल हमीद, परमवीरचक्र, यांची कबर येथेच आहे. उत्तर प्रदेशातील गाझीपूरकडचा हा वीर जीपवरील तोफेने पॅटन फोडीत १० सप्टेंबरला पडला. आम्ही दर्शनास गेलो, तेव्हा पलीकडच्या शेतात भाताला पाणी चालू होते, आणि एक वृद्ध सरदारजी फावड्याने बांध नीट करीत होते.