हरवलेल्या स्मारकांचा हिशोब

इमारत हरवते कशी, हा प्रश्न मला छळतो. महालेखापालांच्या २०१३ च्या अहवालानुसार केंद्र-संरक्षित ९२ स्मारकं जागेवर सापडली नाहीत. पुरातत्त्व खात्याने पुढे ४२ शोधली. डिसेंबर २०२२ मध्ये संसदीय समितीसमोर उरलेल्या ५० चा हिशोब आला: १४ शहरीकरणात गेली, १२ धरणांच्या पाण्याखाली, २४ बेपत्ता. बेपत्तांत हरियाणातले कोसमिनार आणि दिल्लीची बाराखंबा दफनभूमीही होती. तेव्हा ३,६९३ पैकी फक्त २४८ स्मारकांवर पहारेकरी होते!

इतिहासावरून आपण रोज भांडतो. त्याच्या जतनाच्या पैशाचा हिशोब मात्र संसदेवर सोडून देतो. मित्रांनो, आपल्या गावची जुनी कबर, बुरूज, बारव कुठल्या सरकारी यादीत आहे का, हे तरी विचारूया.