बसण्याआधीचा डाव

डिसेंबर १८२९. लुइव्हिलहून न्यू ऑर्लिन्सकडे निघालेली 'हेलन मॅकग्रेगर' ही आगबोट धुक्यात कशावर तरी आदळली. उतारू घाबरून बाहेर धावले. हिरवा चष्मा लावलेला एक गृहस्थ तेवढा जागेवर बसून शांतपणे पत्ते पिसत राहिला. थोड्या वेळाने भिडू परतले, पानं वाटली गेली, बोली चढत गेली आणि चष्मेवाला हरला. त्याने जुळवून ठेवलेली पानं वाटताना भलत्याच्याच हाती पडली होती. हा प्रसंग जो कॉवेल या इंग्रज नटाने लिहून ठेवला. पोकरच्या सर्वांत जुन्या लेखी वर्णनांपैकी ते एक. तेव्हा खेळ वीसच पत्त्यांचा होता: दश्शीपासून एक्क्यापर्यंत.

त्या काळच्या मिसिसिपीवर शहाण्या माणसासमोर एकच प्रश्न असे: पत्ते खरे आहेत का? खुणेचे पत्ते, लावलेला गठ्ठा, परके असल्याचं सोंग घेऊन बसलेले दोघे साथीदार हे सगळं तिथे धंद्याचाच भाग होतं. जुगार सोडलेल्या जोनाथन ग्रीनने १८४३ मध्ये पुस्तक लिहून या युक्त्या चव्हाट्यावर आणल्या. गावकऱ्यांचा राग तर आधीच उसळला होता. जुलै १८३५ मध्ये व्हिक्सबर्गच्या जमावाने पाच जुगाऱ्यांना फासावर लटकवलं.

पुढे कॅलिफोर्नियात वेगळाच हिशेब सुरू झाला. काही पानं उघडी ठेवून खेळल्या जाणाऱ्या 'स्टड' पोकरला तिथे १८८५ पासून बंदी होती. सगळी पानं झाकलेली असलेला 'ड्रॉ' हा कौशल्याचा खेळ असल्याने त्याला ती लागू नाही, असं मत राज्याचे अॅटर्नी जनरल वेब यांनी १९११ मध्ये दिलं. त्याच आधारावर १९३६ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या गार्डिनात पत्त्यांचे कायदेशीर क्लब उघडू लागले.

इथे पानं भिडूच वाटत. क्लब जिंकलेल्या रकमेतून नाल काढत नसे. दर अर्ध्या तासाला खुर्चीचं भाडं घेई. समजा, भाडं दोन डॉलर आणि टेबलाला आठ जण. म्हणजे तासाला बत्तीस डॉलर टेबलावरून उठून क्लबच्या गल्ल्यात जाणार, जिंको कोणीही. रेंगाळत खेळणाऱ्यांच्या टेबलावर तेवढ्याच भाड्यात कमी डाव पदरात पडत. लहान बोलीच्या टेबलावर तर भाडं कमाईच गिळून टाकी. त्यामुळे पोट भरण्यासाठी खेळणारा माणूस बसण्याआधी टेबलाची चाल बघे आणि पैसे उधळणारं कुणी आहे का, तेही हेरून ठेवी. मानवशास्त्रज्ञ डेव्हिड हायानो यांनी गार्डिनातल्या अशा व्यावसायिकांमध्ये वावरून १९८२ मध्ये 'पोकर फेसेस' हा अभ्यास प्रसिद्ध केला.

टेक्सासात क्लब नव्हते, भाडंही नव्हतं, पण धास्ती होती. १९५०-६० च्या दशकांत डॉयल ब्रन्सन, 'सेलर' रॉबर्ट्स आणि 'अमॅरिलो स्लिम' हे तिघे गावोगावचे डाव शोधत एकत्र फिरत, भांडवलही सामायिक. फोर्ट वर्थच्या कुप्रसिद्ध एक्सचेंज अव्हेन्यूवर ब्रन्सन घडले. अशा ठिकाणी उत्तम खेळणं पुरेसं नसे. टेबलावर फसवणूक, दारात दरोडेखोर आणि त्यांतून सुटलं तर पोलीस. जिंकलेला पैसा घेऊन सुखरूप निघता येणार नसेल, तर मोठा डावही फुकट.

२००३ मध्ये टेनेसीतला ख्रिस मनीमेकर हा हिशेबनीस इंटरनेटवरच्या छोट्या स्पर्धेतून लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत पोहोचला आणि २५ लाख डॉलर जिंकला. मग घरबसल्या खेळणाऱ्यांचा पूर आला. कुठल्या टेबलावर सरासरी किती पैसा लागतो, किती जण सैल हाताने खेळतात, हे आकडे आता बसण्याआधीच पडद्यावर दिसू लागले.

दिसत नव्हतं ते वेगळंच. २००७ मध्ये 'अॅब्सोल्यूट पोकर' या साइटवर एका खात्याला सगळ्यांची झाकलेली पानं दिसत असल्याचं उघड झालं. कंपनीकडून चुकून हाती आलेली एका स्पर्धेची नोंद खेळाडूंनीच ओळ न् ओळ तपासली होती. जानेवारी २००८ मध्ये कॅनडातल्या कानावाके जुगार-नियंत्रण आयोगाने कंपनीला पाच लाख डॉलर दंड केला. एप्रिल २०११ मध्ये अमेरिकन सरकारने खटले भरताच या साइटवरच्या खेळाडूंची खाती गोठली. परताव्याची प्रक्रिया सुरू व्हायला २०१७ उजाडलं.