गाणे देवाचे, हक्क कोणाचा?

देवालयाच्या सभामंडपात झालेले गाणे कोणाच्या मालकीचे, असा प्रश्न आपल्या पूर्वजांस कधी पडला नाही. पद रचणारा शेवटच्या चरणात आपली नाममुद्रा गुंफून मोकळा होई. गाणारा आपली कला देवापुढे सेवा म्हणून रुजू करी. आणि ऐकणारा ते पद कंठगत करून आपल्या गावी नेई. कवीची मालकी ती काय एवढीच. गायकाच्या वाट्यास तर तीही नव्हती. देवस्थानचे वर्षासन आणि यजमानांची बिदागी ह्यांवर त्याचा योगक्षेम चाले. उमटलेला सूर क्षणात विरून जाई, आणि जे विरून जाते त्याची मालकी सांगण्याचे कोणास कारण नव्हते.

1902 साली कलकत्त्यास गोहरजानचा आवाज ग्रामोफोनच्या तबकडीवर उतरला आणि ही स्थिती पालटली. सूर आता साठविता येऊ लागला, आणि जे साठविता येते ते विकताही येते. 1914 साली इंग्लंडमधील कायद्याच्या आधाराने हिंदुस्थानात स्वामित्वहक्काचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर त्याची जागा 1957 च्या कायद्याने घेतली. ह्या नव्या कायद्यातील संगीतकृतीची व्याख्या मात्र आपल्या परंपरेस परकीच होती. जी स्वररचना छापली गेली, लिहिली गेली वा अन्य रीतीने रेखाटली गेली, तीच संगीतकृती! ज्या देशात गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानी विद्या जाते, त्या देशाच्या कायद्याने कागदाविना संगीत ओळखण्याचे नाकारावे, हा दैवदुर्विलासच म्हणावयाचा. गायकाचे तर ह्या कायद्यात नावही नव्हते.

ह्या उणिवेची झळ चित्रपटसृष्टीस प्रथम लागली. गोमंतकातील मंगेशी हे ज्यांच्या पित्याचे जन्मगाव, त्या लता मंगेशकरांनी साठीच्या दशकात गायकांस ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीतील वाटा मिळावा, असा आग्रह धरला. गाण्याचे मोल एकदा मिळाले की गायकाचा संबंध संपला, असे मोहम्मद रफींचे मत होते. दोघेही आपापल्या ठिकाणी प्रामाणिक होते. परंतु मतभेद इतका विकोपास गेला की काही वर्षे त्यांनी एकत्र गाणे सोडले.

1969 साली गीतकार व संगीतकार ह्यांची ‘इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी’ स्थापन झाली आणि तिने आपले दर जाहीर केले. चित्रपटगृहांच्या चालकांनी व निर्मात्यांनी त्यांस हरकत घेतली. कॉपीराइट मंडळाने संस्थेच्या बाजूने कौल दिला. कलकत्ता उच्च न्यायालयाने तो फिरविला. आणि 14 मार्च 1977 रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचाच निर्णय कायम केला. निर्मात्याने मोबदला देऊन गीत वा चाल करवून घेतली असेल, आणि करारात विपरीत काही ठरले नसेल, तर तिचा पहिला मालक निर्माताच, असा त्याचा मथितार्थ. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांनी निकालास आपली स्वतंत्र पुस्ती जोडली. रचनाकारास मान देणारा हा कायदा गाणाऱ्या मधुर कंठास मात्र उघड्यावर सोडतो, आणि ही गोष्ट भारतीय वृत्तीस धरून नाही, अशी खंत त्यांनी तीत व्यक्त केली.

त्याच 1977 सालची दुसरी एक गोष्ट येथे आठवते. फोंडे महालातील केरी गावी जन्मलेल्या केसरबाई केरकर ह्यांचे भैरवीतील गायन त्या वर्षी अमेरिकेच्या ‘व्हॉयेजर’ यानांवरील सोनेरी तबकडीतून अंतराळात गेले, आणि सप्टेंबरात केसरबाईंनी इहलोकाची यात्रा संपविली. मानवजातीची ओळख म्हणून जो सूर ताऱ्यांकडे धाडण्यात आला, त्या सुरावर गाणारीचा कोणताही हक्क तिच्या देशाच्या कायद्यास तेव्हा ठाऊक नव्हता.

पुढे सुधारणा झाली. पण ती संथपणे. 1994 च्या दुरुस्तीने संगीतकृतीस लेखनाची अट उरली नाही आणि कलावंताच्या सादरीकरणास प्रथमच हक्क मिळाला. 2012 च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार ह्यांना चित्रपटगृहाबाहेरील वापरातून मिळणाऱ्या उत्पन्नात समान वाटा दिला. आणि हा वाटा करारानेही सोडून देता येणार नाही, असे ठरविले. व्यापारी वापरातील वाट्यावर गायकासही अधिकार मिळाला. लताबाईंनी मांडलेले गाऱ्हाणे कायद्याच्या पोथीत उतरावयास जवळजवळ अर्धशतक लागले.

ह्या इतिहासाशी देवस्थानांचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत होणाऱ्या गायनवादनास कायद्याने मोकळीक दिली आहे, आणि विवाहाची वरात व तत्संबंधी समारंभ ह्यांचाही तीत समावेश केला आहे. हौशी मंडळीने विनामूल्य प्रेक्षकांपुढे अथवा धर्मसंस्थेच्या साहाय्यार्थ केलेला प्रयोगही हक्कभंग ठरत नाही. जत्रेत मराठी नाटक उभे करणाऱ्या आपल्या गावोगावच्या मंडळींस हे कलम ठाऊक असणे हिताचे आहे.

परंतु ही मोकळीक किती ताणावी? जानेवारी 2024 मध्ये गोवा शासनाने परिपत्रक काढून विवाहसमारंभातील संगीतास परवान्याची व शुल्काची गरज नाही, असे सांगितले. ध्वनिमुद्रण कंपन्या न्यायालयात गेल्या, आणि ऑगस्ट 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केले. कायद्यातील अपवाद कायद्यानेच आखलेला आहे. परिपत्रकाने त्याची सीमा वाढविता येत नाही.

हा विवेक आपल्या परंपरेस नवा नाही. आपल्या देवळांनी प्रसाद आणि बाजार ह्यांत नेहमीच भेद केला. गाभाऱ्यासमोरची आरती विकत घ्यावी लागत नाही, ही धर्माची थोरवी. परंतु तिकिटे लावून भरविलेल्या मैफलीस किंवा हॉटेलातील मेजवानीस आरतीचे कवच मागणे हा धर्माचा उपयोग नव्हे, दुरुपयोग होय. पूर्वीच्या गायकास इनाम व बिदागी ह्यांचा आधार होता. ती व्यवस्था मोडली, तेव्हा तिच्या जागी कायद्याने दिलेला हा वाटा आला. देवाची सेवा विनामूल्य असावी. सेवा करणारा मात्र उपाशी राहू नये. आपल्या पूर्वजांनी कायदा नसतानाही हे सूत्र पाळले. कायदा हाती आला असता आपण ते विसरू नये.