फुटलेल्या गलबताचा धनी

भिलाईत बसून समुद्राच्या गोष्टी करणे काहीसे विपरीत वाटेल. परंतु २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’ युद्धनौकेला आमच्या येथील कारखान्याचेही पोलाद लागले आहे. तेव्हा नौकांविषयी चार शब्द लिहिण्याचा थोडासा हक्क आम्हा भिलाईकरांस पोहोचतो, असे आम्ही समजतो.

वादळात तारू फुटले आणि माल किनाऱ्यास लागला, तर त्याचा धनी कोण? सर्वस्व गमावलेला व्यापारी, ज्याच्या जमिनीवर लाटांनी माल आणून टाकला तो भूस्वामी, की राजा? इंग्लंडात हा हक्क मूळचा राजाचा. राजाने सनद देऊन तो किनाऱ्यावरील जमीनदारांस बहाल करावा, अशी तेथील वहिवाट होती. १२७५ च्या कायद्याने तीस लगाम घातला. नौकेतून माणूस, कुत्रा वा मांजर जिवंत सुटले, तर माल बेवारस धरावयाचा नाही. वर्ष व एक दिवस यांच्या आत धन्याने मालकी शाबीत केल्यास तो त्यास परत द्यावयाचा. एखाद्या सावकाराची दौलत मांजराच्या पुण्याईने वाचली असेल!

आपल्याकडे या प्रश्नाची खडाजंगी १६७४ साली रायगडावर झाली. राज्याभिषेकप्रसंगी आलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडन याने तहाच्या कलमांत, फुटलेल्या इंग्रजी जहाजांचा माल परत मिळावा, अशी मागणी घातली होती. इतर बहुतेक मागण्यांस महाराज अनुकूल होते. येथे मात्र त्यांनी हरकत घेतली. वादळाने वा अन्य कारणाने किनाऱ्यास लागलेला माल परत करणे कोकणच्या रिवाजाविरुद्ध आहे. इंग्रजांस ही सवलत दिली, तर फ्रेंच, डच आदी व्यापारीही तीच मागतील, हे त्यांचे म्हणणे इंग्रजांनीच नोंदवून ठेवले आहे. मोगलांच्या मुलखात आपणांस ही सवलत आहे, या आधारावर इंग्रजांनी आशा सोडली नाही. ज्यांच्या स्वदेशी जमीनदार हाच हक्क सनदेने भोगीत होते, त्यांनी कोकणात येऊन न्यायाची अपेक्षा करावी, याची आम्हांस गंमत वाटते. महाराजांचा नकार आम्हांस लोभाचा वाटत नाही. एका टोपीकरास दिलेली सवलत दुसऱ्यास नाकारता येत नाही, हे ते पुरते ओळखून होते.

तथापि याहून उदार परंपराही या भूमीत होती. वाऱ्यावादळाने जर्जर झालेल्या नौकेस नावाध्यक्षाने पित्याप्रमाणे आधार द्यावा आणि पाण्याने भिजलेल्या मालाची जकात माफ अथवा निम्मी करावी, असे कौटिल्याने सांगितले आहे. काकतीय गणपतिदेवाने तेराव्या शतकात मोटुपल्लीच्या शिलालेखात तर स्पष्टच जाहीर केले की, पूर्वीचे राजे फुटलेल्या जहाजांवरील सोने, हत्ती, घोडे, रत्ने बळाने घेत; आपण नेमलेल्या जकातीखेरीज काहीही घेणार नाही. धन हे व्यापाऱ्यास प्राणांहून प्रिय असते, हे कारणही त्याने देऊन ठेवले. तेलुगू किनाऱ्यावरील हा दगड आम्हांस त्या काळच्या कित्येक विजयस्तंभांहून मोलाचा वाटतो.

स्वतंत्र भारतात १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्याने अशा मालाची खबर नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्यास देणे बंधनकारक केले. धन्यास एक वर्षाची मुदत दिली. मुदतीत कोणी न आल्यास माल विकावयाचा, बचावाचा मोबदला व खर्च वजा करावयाचा आणि उरलेली रक्कम केंद्र सरकारात जमा करावयाची, अशी तजवीज केली. २०२५ साली संसदेने त्याच्या जागी नवा कायदा संमत केला. किनाऱ्यावर ज्याची नारळीपोफळीची वाडी आहे, त्याला केवळ त्या वाडीच्या जोरावर लाटांनी आणलेल्या पेटीवर हक्क सांगण्याची सोय १९५८ च्या कायद्यानेही ठेवली नव्हती.